गुहेच्या बाजूने किल्ला पाहताना

इतिहासाच्या धाग्यात एका खेळाची पुस्तके कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ जन्माला आला तोच युद्धेतिहासाच्या वेडातून. प्रशियात राइस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून ‘क्रीगस्पील’ सिद्ध केला, तो सैन्याधिकाऱ्यांना लढाई शिकविण्यासाठी. पुढे हा प्रकार हौशी मंडळींनी उचलला. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी ‘चेनमेल’ नावाचे नियम छापले. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीन पातळ पुस्तिका एका पेटीत घालून विकायला काढल्या. पहिल्या हजार प्रती त्यांनी घरीच, हाताने जुळविल्या. त्या पेटीत खरी नवी गोष्ट एकच होती. खेळाडूने सैन्य हलवायचे नाही, एका माणसाची भूमिका घ्यायची. एक जण सूत्रधार होऊन जग वर्णन करतो, बाकीचे ‘मी काय करतो’ ते सांगतात, आणि शंका असेल तिथे फासा बोलतो.

गेली अठरा वर्षे मी ही पुस्तके जमवीत आलो आहे. खरे सांगायचे तर खेळणे कमी, वाचणे अधिक. बोईसरमध्ये पाच माणसे एका संध्याकाळी एकत्र बसवायची म्हणजे पाच कारखान्यांच्या पाळ्या जुळवाव्या लागतात. त्यामुळे ही पुस्तके मी बखरी वाचाव्यात तशीच वाचली आहेत, आणि तशी वाचल्यावर ती निराळी दिसतात.

या सर्व पुस्तकांत सर्वाधिक खेळली गेलेली म्हणून एका छोट्या साहसपुस्तिकेचे नाव घेतात: गायगॅक्सचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’, म्हणजे सीमेवरचा किल्ला. १९८० पासून नवशिक्यांच्या पेटीतच ती मिळत असल्याने एका संपूर्ण पिढीचे हे पहिले साहस ठरले. रचना साधी आहे. राज्याच्या कडेला एक दगडी किल्ला. आत किल्लेदार, पहारेकरी, धर्मगुरू, सराफ, खानावळ, वाण्याचे दुकान. बाहेर रान. रानात एक घळ, आणि घळीच्या दोन्ही कड्यांत गुहाच गुहा. त्यांत कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन, नोल अशा टोळ्या. खेळाडू किल्ल्यातून निघतात, गुहेत शिरतात, मारतात, लुटतात आणि किल्ल्यात परततात.

पहिल्या वाचनात मीही त्या दगडी तटाच्या आतच उभा होतो. पालघरात राहून ही पुस्तिका दुसऱ्यांदा वाचली की मात्र बाजू बदलते. समोर अशेरीगड आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीजांनी हा डोंगर धरून ठेवला. त्यांच्या राजमुकुटाची कोरीव खूण असलेला दगड आजही गडावर दिसतो. पायथ्याला सागाचे रान, पूर्वेला जव्हारचा डोंगराळ मुलूख आणि तिथले कोळी राजे. पोर्तुगीजांचे आणि जव्हारकरांचे झगडेही झाले आणि तहही झाले. किल्ल्यातल्या माणसाला हे सारे ‘सीमेपलीकडचे रान’ वाटत असणार. पण ज्यांचे घर त्या रानात होते, त्यांना सीमा कुठे वाटत होती? गायगॅक्सच्या पुस्तिकेत गुहांमध्ये बायका आहेत, मुले आहेत. प्रत्येक दालनात त्यांची संख्या दिलेली आहे. संख्या वाचून आपण पुढच्या दालनाकडे वळतो.

आणि नावे नाहीत. गुहेतल्यांना तर नाहीतच, पण किल्ल्यातल्यांनाही नाहीत. किल्लेदार हा नुसता ‘किल्लेदार’, सराफ नुसता ‘सराफ’. नावे सूत्रधाराने स्वतः घालावीत अशी योजना आहे. चाहते या रिकाम्या जागांवर जीव टाकतात, मीही टाकतो. पुस्तक आपले होते ते तिथेच. तरी नावे नसलेला मुलूख हा कोणत्या प्रकारच्या नकाशात आढळतो, हे इतिहासाच्या वाचकाला निराळे सांगायला नको.

आपल्याकडचे याच किनाऱ्याचे जुने पुस्तक याच्या अगदी उलट आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापलेली ‘महिकावतीची बखर’ ज्यांनी चाळली असेल त्यांना ठाऊक आहे की तिच्यात नावांचा पूर लोटतो. कोणते कूळ कोणाबरोबर आले, कोणाला कोणते गाव मिळाले, कोणाचे वतन कोणी बळकावले, मान कोणाचा मोडला. केशवाचार्याने पंधराव्या शतकात लिहिलेला भाग आणि पुढच्या लेखकांनी जोडलेले भाग एकत्र आल्यामुळे काळाचे धागे गुंततात, वंशावळी एकमेकींवर आदळतात. वाचताना थकायला होते. राजा कोण होता यापेक्षा शेजारी कोण होता याची तिला अधिक काळजी. खेळाच्या भाषेत सांगायचे तर हे उत्कृष्ट जगवर्णन आहे, फक्त त्यात नवख्याला शिरायला दार ठेवलेले नाही.

हाच फरक तारापूरला अधिक टोचतो. १९७९ चे ‘डंजन मास्टर्स गाइड’ हे माझ्या संग्रहातले सर्वांत लाडके पुस्तक. अस्ताव्यस्त आहे, अहंमन्य आहे, आणि तरी त्याच्यासारखे पुन्हा झाले नाही. त्यात दगडी तट बांधायला किती खर्च येतो, वेढ्यात काय लागते, याची कोष्टके आहेत. भाड्याने मिळणाऱ्या तज्ज्ञांच्या यादीत सुरुंग खणणारा अभियंताही आहे, मासिक पगारासह. तो मेला तर नवा ठेवावा. चिमाजी आप्पांच्या उत्तर कोकण मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या तटाखाली सुरुंग लावले गेले, तट फोडून मराठे आत घुसले, आणि त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्यांच्या आईला बाजीराव पेशव्यांनी लिहिलेले सांत्वनाचे पत्र मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. सरदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या आईला काय लिहावे, यासाठी गायगॅक्सकडे कोष्टक नाही. त्याचा तो दोष म्हणवत नाही, कारण बुद्धिबळातही प्याद्याला आई नसते. मात्र बुद्धिबळ ‘मी एक जग आहे’ असा दावा करीत नाही, ही पुस्तके करतात.

एक अवांतर, पण राहवत नाही. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड लागते. तिथे वाघोबाचे देऊळ आहे. गाड्या थांबतात, माणसे नमस्कार करून पुढे जातात. वारल्यांच्या देवांतही वाघाचे स्थान मोठे. आता १९७७ चे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ उघडा आणि ‘राक्षस’ काढा: डेव्हिड ट्रॅम्पियरने काढलेला, वाघाच्या डोक्याचा, अंगात उंची अंगरखा आणि हातात तंबाखूचा पाइप. तो भारताकडून आला नाही. १९७४ च्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतल्या राक्षसावरून गायगॅक्सला तो सुचला. अभिमंत्रित बाणाने तो मरतो, हेही तिथूनच. रामायणातील राक्षसांशी त्याचा संबंध नावापुरता. चित्र मला फार आवडते, अगदी मनापासून. पण ज्या खिंडीत वाघाला नारळ फोडतात तिथून रोज जाणाऱ्याला वाघाचे डोके म्हणजे दुष्टपणाची खूण हे पटवून देणे कठीण आहे. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये तर इंद्र आणि विष्णू यांनाही किती घाव सोसतील याचे आकडे दिलेले आहेत. त्यावर रागावणारे आहेत. मला हसू येते.

माझ्या मते या खेळाची सर्वोत्तम पुस्तके त्या काळातली नव्हेतच. ती १९८७ पासून निघालेल्या ‘गॅझेटियर’ मालेतली. नावावरूनच लक्षात येईल. १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तारापूर, अशेरी, जव्हार यांच्या नोंदी वर्णानुक्रमे आहेत: लोकवस्ती, व्यापार, किल्ला, दंतकथा. ज्या अधिकाऱ्याने हा प्रदेश कधी पाहिला नाही त्याला तो चालवता यावा म्हणून ते लिहिले गेले. खेळातल्या सूत्रधाराची गरज नेमकी तीच असते. ॲरन ॲलस्टनने लिहिलेला मालेचा पहिला खंड ‘द ग्रँड डची ऑफ कारामेइकोस’ याचे मोठेपण असे की त्याने हा साचा उचलला आणि त्यातला ताणही उचलला. तिथे बाहेरून आलेले राज्यकर्ते आहेत आणि मूळचे ट्रालाडारन लोक आहेत. दोघांनाही भाषा, आठवणी, तक्रारी आणि नावे आहेत. सीमेवरच्या किल्ल्याला इतक्या वर्षांनी मिळालेले हे खरे उत्तर होते, असे मी मानतो. अलीकडच्या पुस्तकांपैकी २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये मिमी मंडल यांनी बंगालच्या धर्तीवरची शंखभूमी आणली, तेही वाचनीय आहे. बाकी नवी पुस्तके देखणी, गुळगुळीत आणि विसरण्याजोगी.

जव्हारच्या नोंदीतली एक कथा मात्र मी खेळासाठी राखून ठेवली होती. मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा याने एका राजाकडे बैलाच्या कातड्याने झाकेल एवढीच जमीन मागितली, होकार मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून भलामोठा मुलूख वेढला. कार्थेजच्या डायडोविषयी हीच कथा सांगतात. ती इथे कशी पोहोचली हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यात पाळ्या जुळल्या आणि आम्ही ‘कीप’ पुन्हा मांडला. या वेळी किल्ला अशेरीवर ठेवला आणि पाचही पात्रे घळीतली केली. तलवार कोणी उपसली नाही. पहिली रात्र सगळी दोन गुहांमधले जुने भांडण मिटविण्यात गेली, कारण प्रत्येकाला समोरच्याचे नाव, कूळ आणि कोणाचा मान कधी मोडला ते हवे होते. मी बखर उघडून ते पुरवीत होतो. दुसऱ्या बैठकीत त्यांच्यातला एक जण दूत म्हणून गडावर चढला आणि त्याने बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली. वीस बाजूंचा फासा सतरावर थांबला.

‘किल्लेदार हो म्हणतो,’ मी म्हणालो.

‘त्याचे नाव काय?’ त्याने विचारले. ‘कागदावर लिहून घ्यायचे आहे.’