नित्य आणि नैमित्तिक

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे जे भेद सांगितले आहेत, त्यांपैकी नित्य आणि नैमित्तिक हे दोन भेद लहानपणापासून माझ्या कानांवरून गेलेले. संध्या, देवपूजा, तुळशीपुढचा दिवा ही नित्यकर्मे. ग्रहणाचे स्नान, श्राद्ध ही नैमित्तिक. नित्याला निमित्त लागत नाही आणि नैमित्तिकाला निमित्ताशिवाय अर्थ नाही. हा भेद धर्मकृत्यांपुरताच आहे, असे मी सत्तरी ओलांडेपर्यंत समजत होतो. घरासाठी रंगीत छपाईचे एक लहानसे यंत्र निवडण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा हा भेद यंत्रांनाही लागू पडतो हे मला उमगले. ते उमगण्यासाठी मला जी किंमत मोजावी लागली, ती पैशांत सांगता येण्यासारखी नाही.

आमचे घर फोंडा तालुक्यात, देवळाच्या तळीपासून हाकेच्या अंतरावर. सांजेच्या आरतीची घंटा ओसरीवर बसून ऐकू येते. शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी मुलांच्या आग्रहाने संगणक घरात आला आणि त्याच्यामागोमाग एक प्रिंटर. दुकानात होते त्यांतले ते सर्वांत स्वस्त यंत्र. शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवून छपाई करणारे, म्हणजे ज्याला इंकजेट म्हणतात, त्या जातीचे. त्याच्याकडे काम असे ते काय? जत्रेच्या आधी नातलगांना पाठवावयाचे निमंत्रण, नातवंडांच्या शाळेचे एखादे चित्र, विजेचे बिल, क्वचित एखादा फोटो. महिना महिना त्याच्यावरचे फडके निघत नसे. वळीव जवळ आला, विजा चमकू लागल्या, की आम्ही गोव्याची माणसे घरातल्या सगळ्या प्लगा भराभर उपटतो. त्याप्रमाणे मी त्याचीही प्लग उपटून ठेवीत असे. आपण यंत्राला जपतो आहो, अशी माझी समजूत होती.

अशाच एका ज्येष्ठात बाबा गेले. वय झाले होते, तक्रारीला जागा नव्हती. अकराव्या दिवसाच्या रात्री कोणाच्या तरी ध्यानात आले, की उद्या पाटावर ठेवावयाला बाबांचा बरासा फोटो घरात नाही. भावाच्या फोनमध्ये एक होता. देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून बसलेले, अंगावर शेला, कपाळी गंध. रात्रीचे दहा वाजून गेलेले, बाहेर पाऊस कोसळत होता, पहाटेस भटजी येणार होते. मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, ‘‘प्रिंटर आहे ना घरात!’’

यंत्राने बराच वेळ घरघर करून कागद बाहेर टाकला. त्यावर बाबांचा चेहरा हिरवट पिवळा उमटला होता. छिद्रे साफ करण्याची जी सोय यंत्रात असते, ती मी वापरली. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी चेहरा तसाच आणि शाई मात्र कमी कमी. शेवटी रंगीत शाई संपल्याची खूण दिसू लागली. आईने तो कागद हातात घेतला, दिव्याजवळ नेला आणि शांतपणे मला परत दिला. म्हणाली, ‘‘हे ते न्हय, पुता.’’

दुसऱ्या दिवशी पाटावर पेन्शनच्या कागदांतला बोटभर काळापांढरा फोटो ठेवून आम्ही काम भागवले. पण आईचे ते चार शब्द माझ्या मनातून जाईनात. तिने मला दोष दिला नव्हता. तिने फक्त जे दिसले ते सांगितले होते. म्हणूनच ते अधिक लागले.

माझा भाचा पर्वरीला संगणकाच्याच कामात आहे. सुतक फिटल्यावर तो आला, तेव्हा मी त्याच्यापुढे यंत्राची यथास्थित निंदा केली. तो हसून म्हणाला, ‘‘मामा, यंत्र वाईट नव्हते. ते तुमच्यासाठी नव्हते.’’ आणि मग त्याने मला जे समजावून दिले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

कागदावरचे सारे रंग चार शायांतून निघतात. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. माणसाच्या कातडीला जी ऊब असते, ती किरमिजी शाई देते. ती अडली, की उरलेल्या निळसर आणि पिवळ्या मिळून चेहरा हिरवा करतात. इंकजेटची शाई पाण्याची, आणि ती ज्या छिद्रांतून उडते ती केसाहूनही बारीक. पाणी उडून गेले, की रंगाचा गाळ छिद्राच्या तोंडाशी बसतो. छपाई रोज किंवा निदान आठवड्याला झाली, तर छिद्रे वाहती राहतात. यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केले, की छपाईचा शिरोभाग एका रबरी टोपीखाली जाऊन बसतो आणि शाई ओली राहते. एकदम प्लग उपटली, तर तो कधी कधी उघडाच राहून जातो. म्हणजे यंत्राला जपण्यासाठी मी जे करीत होतो, तेच त्याच्या मुळावर आले होते! शिवाय ही यंत्रे छिद्रे साफ करण्यासाठी अधूनमधून आपणहून शाई सोडतात, आणि ती आतल्या एका शोषक गादीत जिरते. ज्याची छपाई थोडी, त्याची बरीचशी शाई कागदापेक्षा त्या गादीलाच पोचते.

मी म्हणालो, ‘‘म्हणजे हे यंत्र नित्याचे आहे, आणि माझे काम नैमित्तिक.’’ भाच्याने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

माझा स्वभाव असा, की एकदा पोळल्यावर ताक फुंकून प्यावे. देवाला कौल लावून सोडविण्याचा हा प्रश्न नव्हता. हिशेबाने सोडविण्याचा होता. मी एक वही घातली. जेव्हा जेव्हा काही रंगीत छापावे अशी गरज पडली, तेव्हा तेव्हा तारीख आणि पानांची संख्या त्यात टिपली आणि काम तेवढ्यापुरते बाजारातल्या दुकानातून करून आणले. दहा महिन्यांची बेरीज झाली ५८ पाने. त्यांतले फोटो ७. चार महिने असे, की त्यांत एकही पान नाही. माझी अशी समजूत झाली आहे, की प्रिंटर घेऊ इच्छिणाऱ्याने दुकानदाराला काही विचारण्यापूर्वी ही वही घालावी. आपली गरज आपल्याला वाटते तशी क्वचितच असते. माझी बेरीज पाहिल्यावर खरे उत्तर एकच होते, की यंत्र घेऊच नये, दुकानातच जावे. पैशांच्या हिशेबाने तेच स्वस्त. परंतु रात्री दहा वाजता आणि आषाढाच्या पावसात दुकान घराशी येत नाही, हे मी एकदा अनुभवले होते.

मग पर्याय तपासले. बाटलीने शाई भरावयाच्या टाकीच्या यंत्रांची सध्या फार वाखाणणी होते, आणि ती खोटी नाही. एका पानाचा खर्च त्यांत अगदीच थोडा येतो. पण तीही पाण्याच्याच शाईची. स्वस्त यंत्रांच्या बऱ्याच नमुन्यांत छपाईचा शिरोभाग शाईच्या डबीलाच जोडलेला असतो, म्हणजे डबी बदलली की छिद्रे नवी. टाकीच्या यंत्रांत तो बहुधा यंत्राचाच भाग, आणि तो अडला तर दुरुस्ती महाग. ज्यांच्या घरी मुलांचे शिक्षण चालले आहे, रोज दहा पाने निघतात, त्यांनी ते अवश्य घ्यावे. तिसरा प्रकार केवळ फोटोंचा. त्यात शाई द्रवरूप नसतेच. रंगाची फीत तापवून पिवळा, किरमिजी आणि निळसर असे एकामागून एक थर कागदावर चढवतात आणि वरून पारदर्शक लेप देतात. फीत वाळत नाही, फोटो उत्तम येतो. पण पोस्टकार्डाएवढ्या कागदापलीकडे घरगुती यंत्राची धाव सहसा जात नाही. जत्रेचे निमंत्रण त्यावर कसे काढावयाचे?

उरले लेसर. त्यात शाईऐवजी टोनर नावाची राळेची कोरडी, रंगीत भुकटी असते. प्रकाशाने एका नळकांड्यावर विद्युत्‌भाराची आकृती उमटते, तिला भुकटी चिकटते, आणि मग उष्णतेने व दाबाने ती कागदावर वितळून बसते. भुकटी मुळातच कोरडी, तेव्हा वाळण्याचे भय नाही. पूजेच्या ओल्या बोटांनी कागद उचलला तरी अक्षर फुटत नाही. दोषही सांगितले पाहिजेत. किंमत माझ्या पहिल्या यंत्राच्या कित्येक पट, यंत्र जड, चार रंगांच्या चार डब्या, आणि सोबत येणाऱ्या डब्यांत बहुधा भुकटी कमीच भरलेली. तापताना ते एकदम पुष्कळ वीज ओढते, म्हणून घरच्या लहान इन्व्हर्टरवर ते चालवू नये. फोटोची रंगसंगती इंकजेटच्या चांगल्या छपाईइतकी तरल येत नाही, आणि इंकजेटसाठी केलेला चकचकीत कागद त्यात घातला, तर त्याचा लेप आतल्या उष्णतेने वितळून यंत्राचा नाश होण्याचा संभव. कोकणच्या हवेत कागद दमट होतो आणि अडकतो; तेव्हा रीम उघडी न टाकता पिशवीत बांधून ठेवावी लागते.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, आणखी एक उपाय आहे. जुन्याच जातीचे यंत्र घ्या आणि दर सोमवारी चारही रंगांचे एक पान काढा.’’ सल्ला अगदी बरोबर होता, आणि ज्याच्या हातून तो नेम होईल त्याचे पैसे त्यात वाचतील. पण ज्याच्या हातून संध्याही नेमाने घडत नाही, त्याने यंत्रासाठी नवे नित्यकर्म अंगावर घेऊ नये, एवढे आत्मज्ञान मला होते. मी रंगीत लेसर घेतले, नक्कल काढण्याची काच असलेले. फोटो मात्र स्टुडिओतूनच करून आणावयाचे ठरवले. वर्षश्राद्धाला बाबांचा सभामंडपातला फोटो स्टुडिओत करून, चौकटीत बसवून पाटावर ठेवला. आईने त्याला नुसते डोळे भरून पाहिले.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट निघाली. बाबांची एक वही आहे. देवळाच्या वर्षभराच्या उत्सवांत कोणत्या दिवशी कोणत्या घराचे मान, पालखी कोणत्या क्रमाने फिरते, कोणत्या आरतीनंतर कोणती, हे सारे त्यांनी चाळीस वर्षे त्यात टिपलेले. मजकूर काळ्या शाईने आणि देवतांची नावे व तिथी तांबड्या शाईने. जुन्या पोथ्यांत हिंगुळाने लिहीत तसे. बहीण म्हणाली, ‘‘ही वही एकच आहे, आणि आपण चौघे आहोत.’’ वही आईच्या फडताळात. ती ती कोणाला द्यावयास तयार नव्हती, आणि तिचे बरोबरच होते.

आपल्या गोमंतकात छापखाना आला तो १५५६ साली, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. भारतातला तो पहिला. मराठीतले ख्रिस्तपुराण १६१६ साली येथेच छापले गेले, पण रोमी लिपीत. पुढे १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरच्या देवघरांत पोचली. त्या पद्धतीत एकेका रंगासाठी एकेक दगड लागे. एवढा सारा व्याप आज एका पेटीत मावून माझ्या ओसरीवर येऊन बसला आहे, आणि मी तिच्यावर विजेची बिले छापतो, याची मला त्या दिवशी थोडी लाज वाटली.

पावसाळाभर ते यंत्र झाकलेलेच होते. या खेपेस बटणाने नीट बंद करून मगच प्लग काढली होती. आषाढ, श्रावण, भाद्रपद गेले. दसऱ्याला भावंडे येणार म्हणून नवरात्रात मी आईजवळ वही मागितली. ‘‘तुझ्यासमोरच काढतो,’’ म्हटल्यावर तिने दिली, आणि खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. वहीचे पहिले पान काचेवर ठेवताना माझा हात किंचित थरथरला, हे कबूल करतो. छपाईतला तांबडा रंग किरमिजी आणि पिवळ्याचा होतो. मागच्या वेळी दगा दिला तो किरमिजीनेच.

पान गरम गरम बाहेर आले. मध्यभागी देवीचे नाव, तांबडे. खाली तिथी, तांबडी. बाकी मजकूर काळा. एका ठिकाणी टाक अडून पडलेला शाईचा डाग, तोही जसाच्या तसा. मी काही न बोलता कागद आईच्या हाती दिला. तिने तो दिव्याजवळ नेला. एकेका ओळीखालून बोट फिरवीत ती शेवटपर्यंत गेली आणि मग वर न पाहताच म्हणाली, ‘‘अक्षर तांचेंच.’’

वहीची ६४ पाने. चार प्रती काढीपर्यंत देवळात आरतीची घंटा वाजू लागली होती. पहिली प्रत आईने मागून घेतली आणि मूळ वही, कोणी न सांगता, माझ्या हाती ठेवली.