बस म्हणजे काय?

मी मूळचा गोऱ्हे वळवणारा. कोवळ्या गोऱ्ह्याला जुन्या, समजूतदार बैलाच्या जोडीला जुंपायचं, काही दिवस मोकळ्या रानात ओंडका ओढायला लावायचा, मग कपाशीत डवरा. हातात वेसण असते आणि निम्मी शिकवणी शेजारचा बैलच घेतो. त्यामुळे तेलंगणातल्या नार्नूरच्या एका मास्तरांनी हातभर लांब, वीतभर उंच डॅशहाऊंड माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हा काहीच ऐकत नाही," तेव्हा मला हसूच आलं. तीन दिवसांत ते हसू मावळलं.

ही जात जर्मनीतली, बॅजर नावाच्या जनावराच्या बिळात शिरण्यासाठी घडवलेली. जमिनीखाली अंधारात, दात विचकलेल्या जनावरासमोर, धन्याची हाक पोचणार कुठून? पुढे सरकायचं की मागे हटायचं, हे कुत्र्यानेच ठरवायचं. पिढ्यान्‌पिढ्या अशीच कुत्री निवडली, आणि आता ओसरीवर "इकडे ये" म्हटल्यावर तो क्षणभर विचार करतो म्हणून आपण त्याला हट्टी म्हणतो! मास्तरांच्या धुऱ्यावर उंदराचं बीळ दिसलं की त्याची शेपूट तेवढी बाहेर उरायची.

पण शिकवणं भाग होतं. लांब पाठीच्या या कुत्र्यांचे मणके नाजूक. खाटेवरून धाडधाड उड्या मारता मारता मणक्यांमधली चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडतात. निदान "बस" आणि "थांब" एवढं तरी त्याला कळायलाच हवं होतं.

उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा. बूड जमिनीला टेकलं की त्याच क्षणी तोंडात. जरा उशीर झाला की तो उठलेला असतो, आणि मग बक्षीस उठण्याला मिळतं. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. त्याहून जास्त केलं तर तो कंटाळतो आणि मीही. चौथ्या दिवशी माझ्यापुढे बसू लागला. घरच्यांपुढे मात्र ढिम्म.

मग एका दुपारी मी शिकवणं सोडून नुसता ओसरीवर ऐकत बसलो. आजी पाहुण्याला "बसा" म्हणाल्या. नातवाच्या ताटात भाजी पडली, तो ओरडला, "बस, बस!" कापूस वेचणाऱ्या बायांशी मास्तरीणबाई हिंदीत बोलत होत्या, त्यातही "बस हो गया". उटनूरची बस गेली की यायची आहे, यावर तर दोघांचा वाद. तासाभरात वीसेक वेळा "बस", आणि अंडं एकदाही नाही! त्याच्या लेखी तो शब्द म्हणजे पंख्याचा आवाज झाला होता. गोऱ्ह्याची वेसण कुणी येताजाता ओढत नाही. शब्द मात्र सगळेच ओढतात.

घर पक्कं मराठी. तेलुगू लागते ती मास्तरांच्या शाळेत आणि कचेरीत. म्हणून मी "बस" काढून टाकलं आणि त्याच अर्थाचं तेलुगू "कूर्चो" आणलं. आजी आधी फुरंगटल्या, "कुत्र्यासाठी मी या वयात तेलुगू शिकू काय?" पण दोन दिवसांत त्यांचा उच्चार माझ्याहून नीट झाला, आणि आठवड्यात कुत्रा घरातल्या सगळ्यांपुढे बसू लागला.

परवा आदिलाबादहून एक साहेब मास्तरांकडे आले होते. मास्तर अदबीने खुर्ची पुढे करत म्हणाले, "कूर्चोंडी, सार." साहेब टेकायच्या आत कुत्रा त्यांच्या बुटांपाशी बसला होता, मान वर करून, अंड्याची वाट बघत.