आढे, वासे आणि हिमालयातला थर

भूशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्र-शिबिराचे काम थोडक्यात सांगता येते. एखाद्या भागात आठवडा-दोन आठवडे राहायचे, रोज खडक पाहत चालायचे आणि शेवटी त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा स्वतः काढून द्यायचा. मे महिन्यात राजस्थान आणि कच्छ तापलेले असतात. अशा वेळी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना थरांचे खडक नीट शिकायला हरियाणातल्या कालकापासून हिमाचल प्रदेशातल्या सोलनपर्यंतचा पट्टा फार चांगला. तिथे सुबाथू, डगशाई आणि कसौली हे तीन खडकसमूह सापडतात. हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट यांनी १८६४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्यांचे वर्णन आहे. सुबाथूचे हिरवट शेल समुद्रातले आहेत, आणि त्यांच्यातल्या चुनखडीत नाण्यासारखे न्युम्युलाइटचे जीवाश्म मिळतात. डगशाईचे लाल पंकाश्म आणि कसौलीचे करडे वालुकाश्म नद्यांनी आणलेल्या गाळाचे. भारत आणि आशिया यांच्यामधला समुद्र संपून तिथे नद्या वाहू लागल्या, ही घटना एका घाटरस्त्याच्या कडेला पायी वाचता येते.

ती वाचायला लागणारी नजर मात्र इकडच्या विद्यार्थ्याकडे सहसा नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक जवळजवळ आडवे पडलेले आहेत. सिंहगड चढताना दिसणाऱ्या पायऱ्या त्यांच्याच. खालचा थर जुना, वरचा नवा, हे इथे इतके उघड असते की त्याचा विचारच करावा लागत नाही. सोलनच्या परिसरात थर कलंडलेले, दुमडलेले, कुठे उभेच आढळतात, आणि क्रोल थ्रस्ट नावाच्या विभंगावरून सरकत आलेले जुने खडक चक्क नव्या खडकांवर बसलेले आहेत. पुस्तकात हे सगळे वाचलेला विद्यार्थीही पहिले तीन दिवस गोंधळतो. दहा दिवसांच्या शिबिरातले तीन दिवस असे जाणे परवडत नाही, म्हणून तयारीचा मोठा भाग निघण्याआधी, घरच्या टेकडीवर व्हायला हवा.

सुरुवात कललेल्या पृष्ठापासून करावी. थर कोणत्या दिशेला पसरला आहे ती स्ट्राइक, आणि किती अंशांनी उतरतो तो डिप. व्याख्या पाठ होते, हाताला कळत नाही. कोकणातले उतरत्या छपराचे कौलारू घर यासाठी उत्तम. छपराचे आढे म्हणजे स्ट्राइक, आणि वासे उतरतात तो डिप. पावसाचे पाणी वाशाच्याच दिशेने पागोळ्यांकडे धावते. खडकावर बाटलीतले थोडे पाणी ओतले तरी डिपची दिशा कळते. त्याच छपरावर तिरपी फळी ठोकली तर तिचा उतार वाशापेक्षा कमी भरतो, आणि हाच भासमान डिप. रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत बहुधा तोच दिसतो. थराचा खरा डिप ४० अंश असेल आणि दरड स्ट्राइकशी ३० अंशांचा कोन करून कापलेली असेल, तर तिच्यावर तो थर फक्त २३ अंश कललेला दिसतो. घाईने दरडीवरचा कोन वहीत उतरवणाऱ्याचा नकाशा इथेच बिघडतो.

स्ट्राइक आणि डिप मोजायच्या ब्रंटन कंपासचे पेटंट १८९४चे आहे, आणि तो आजही हातात घ्यावा असाच आहे. मोबाइलमधली अ‍ॅप सोयीची असली तरी तिच्या आकड्याची खात्री ब्रंटनवर करून घेतलेली बरी. विभागातले कंपास मोजकेच असतात आणि शिबिरात ते पाळीपाळीने मिळतात. तेव्हा आधीच महिनाभर, रोज दहा मिनिटे, कललेल्या फळीवर मोजण्या घ्याव्यात. एकाच फळीवर दोघांची मापे दोन-तीन अंशांच्या आत जुळेपर्यंत हे थांबवू नये. हातोडा आणि चुंबक असलेले मोबाइलचे कव्हर दूर ठेवावे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतो, त्यामुळे टेकडीवर सुई थोडी भरकटू शकते, हेही सरावातच कळते.

नकाशाची सवय याच दिवसांत लावावी. भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट १:५०,००० प्रमाणाची असते, म्हणजे एक सेंटिमीटरला ५०० मीटर. तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेषा जमिनीवर २५ मीटर रुंद होते. पेन्सिल टोकदार ठेवा, असे शिक्षक का बजावतात ते या हिशेबावरून समजावे. कामाचा भाग मोठा करून छापून घेतला तर नोंदींना जागा मिळते, अचूकता मात्र वाढत नाही. १०० मीटर टेपने मोजून आपली किती पावले पडतात तेही सपाटीवर, चढावर आणि उतारावर वेगवेगळे मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

वहीबद्दल थोडे आग्रहाने सांगायला हवे. स्थानाचा क्रमांक, नकाशावरची जागा, खडकाचा रंग, कणांचा आकार, स्ट्राइक-डिप, नमुन्याचा क्रमांक आणि एक रेखाचित्र, एवढे प्रत्येक ठिकाणी हवेच. रेखाचित्राला माप आणि दिशा नसेल तर ते वाया गेले. डोळ्यांनी पाहिलेले एका पानावर आणि त्यावरून बांधलेला अंदाज समोरच्या पानावर लिहावा, कारण अंदाज चौथ्या दिवशी बदलतो. फोटो भरपूर काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून थरांची रचना अनेकदा निसटते. चित्र काढणाऱ्याला प्रत्येक रेषा कुठे संपते ते पाहावेच लागते.

सामान थोडेच. दहापट भिंग दोरीने गळ्यात. बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले. हातोडा मारताना डोळ्यांवर चष्मा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लागते, पण रेल्वेत आम्ल नेण्यास मनाई असल्याने त्याची सोय शिक्षकांनी मुक्कामी करावी. चुनखडी त्या आम्लाने लगेच फसफसते, डोलोमाइट भुकटी केल्यावरच, आणि थ्रस्टवरून आलेल्या क्रोलच्या खडकांत हा फरक पदोपदी लागतो.

सुबाथू, डगशाई आणि कसौली ही तिन्ही लष्करी छावणीची गावे आहेत. तिथे नकाशे, कंपास आणि कॅमेरे घेऊन वीसजण हिंडू लागले की विचारणा होणारच. विद्यापीठाचे पत्र, ओळखपत्रे आणि आधी घेतलेली परवानगी जवळ हवी. कोणाच्या शेतातून जाताना विचारूनच जावे. हिमाचलात मोसमी पाऊस जूनअखेरीस पोहोचतो आणि घाटातल्या दरडी सुटू लागतात, त्याआधीच काम आटोपावे.

विभागांना एकच विनंती आहे. निघण्याच्या आधीच्या रविवारी सगळ्यांना जवळच्या टेकडीवर न्यावे आणि प्रत्येकाकडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीस स्थानांच्या पूर्ण नोंदी घ्याव्यात. ती पाने शिक्षकांनी तपासून, चुका दाखवून, गाडीत बसण्यापूर्वी परत द्यावीत.