कुंपणापर्यंत

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं म्हणणाऱ्याला आपण स्वतः कुंपणाच्या पलीकडे उभे आहोत याची फार खात्री असते. काही दिवसांपासून ही म्हण माझ्या डोक्यातून हलत नाही, आणि तिला खेटून नारकोंडम नावाचं बेट येऊन बसलं आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय, हे नीट सांगता येत नाही. तरी एकीला उठवलं की दुसरंही उठतं.

नारकोंडम अंदमानच्या पूर्वेला भर समुद्रात एकटंच आहे. निजलेल्या ज्वालामुखीचा पाण्याबाहेर आलेला माथा. उंची सुमारे ७१० मीटर, क्षेत्रफळ जेमतेम ६.८ चौरस किलोमीटर. तेवढ्याशा जंगलात एक धनेश राहतो आणि जगात दुसरीकडे कुठेही राहत नाही. नराचं डोकं आणि मान तांबूस, मादी काळी, गळ्याखाली निळसर पिशवी. ज्यांना आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७३ साली बोटीने तिथे पोचले आणि त्यांनी या पक्ष्याचं वर्णन जगापुढे ठेवलं. पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. ए. हुसेन गेले. अलीकडे रोहित नानिवडेकर आणि त्यांचे सहकारी तिथे राहून अभ्यास करून आले. त्यांच्या अंदाजाने हे पक्षी हजाराच्या आसपास आहेत. हजार जिवांचं सगळं जग, आणि ते रायपूरजवळच्या आमच्या उरला ते सिलतरा या कारखान्यांच्या पट्ट्यात सहज मावेल.

धनेश उडायला कच्चा नसतो. त्याच्या कुळातले मुख्य भूमीवरचे पक्षी पिकलेल्या वड-उंबरांच्या शोधात मैलोन् मैल हिंडतात. हा मात्र बेट सोडत नाही. पाणी लागलं की मागे वळतो, की पलीकडे काही असेल असं त्याच्या मनातच येत नाही, कोण जाणे. विणीच्या दिवसांत तर मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी उरते, तिच्यातून नर तिला फळं भरवतो. समुद्राच्या आत बेट, बेटाच्या आत ढोली, ढोलीच्या आत ती. इतक्या कुंपणांच्या आत राहून तिने आपला वंश आजवर चालवला आहे. तिला आपली म्हण काय म्हणेल?

आमच्या परसात बेशरमाचं कुंपण आहे. छत्तीसगडात ते कुठेही उगवतं, गाय तोंड लावत नाही, पाणी घालावं लागत नाही. त्याच्यावर सरडा येतो. शेजारची मुलं त्याला टेटका म्हणतात आणि दगड घेऊन धावतात. मी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं आहे. तो कुंपणापाशी येऊन थांबतो तेव्हा दमलेला नसतो. चढून सगळ्यात वरच्या फांदीवर बसतो, पुढचे पाय ताठ करून डोकं खालीवर करतो, पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचा गळा लालभडक होतो. तिथे ऊन आहे, किडे आहेत, लांबवर नजर जाते, मादीला तो दिसतो. आजूबाजूच्या साऱ्या जागांमध्ये ही त्याची सगळ्यात चांगली जागा आहे. कुंपण आपण घातलं, आपल्या हद्दीसाठी. सरड्याला ती हद्द ठाऊक नाही. आपण आखलेल्या रेघेने त्याची धाव मोजली आणि ती तोकडी ठरवली.

पण म्हण अशी सोडवून टाकली की मला लगेच खोटं वाटू लागतं. कारण ती म्हण मी पहिल्यांदा ऐकली बाबांच्या तोंडून, आणि त्यांच्या बोलण्यात हिणवणं नव्हतंच.

आमचं मूळ घर नागपूरचं. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला आले आणि त्या काळापासून मराठी माणसं या मुलखात थोडी थोडी येत राहिली, कुणी दरबाराबरोबर, कुणी नंतर रेल्वेबरोबर. आमचे आजोबा रेल्वेबरोबर आले. बाबा उरल्याला रोलिंग मिलमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रायपूरच्या लोकांचा समुद्र म्हणजे पुरी. रात्री गाडीत बसायचं, सकाळी जगन्नाथाचं दर्शन, मग किनारा. त्या किनाऱ्यावर आईने कोळ्यांची होडी पाहिली आणि म्हणाली, एक फेरी मारून येऊ या. बाबा घोट्याइतक्या पाण्यात उभे होते. म्हणाले, "तू जा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत." पत्ता सांगावा तितक्या सहज. आई गेली. परतली तेव्हा तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं होतं आणि ती कुणाशी बोलत नव्हती. त्या फेरीबद्दल तिने पुढेही फारसं सांगितलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठं होऊन आलं होतं. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हाही समाधान होतं. मी वाळूत दोघांच्या मधे बसले होते, आणि अजूनही तिथेच बसले आहे असं वाटतं.

मराठी घरात अंदमान म्हटलं की पक्षी आठवत नाहीत, कोठडी आठवते. १९११ साली सावरकरांना ‘महाराजा’ बोटीतून तिकडे नेलं. सेल्युलर जेलच्या भिंतीबाहेर आणखी एक भिंत होती, ती म्हणजे समुद्र. तेच पाणी ईशान्येला नारकोंडमला वेढून आहे. इकडे माणसाला त्याने डांबलं, तिकडे त्याच पाण्याने एका पक्ष्याला जगापासून इतकं दूर ठेवलं की तो वेगळा घडला, आणि वेगळा राहिला म्हणून वाचला. एकाच पाण्याची दोन कामं. कुणाच्या बाजूने त्याला कुंपण म्हणायचं, हे आधी ठरवावं लागतं.

सरड्याचंच बोलायचं तर कुंपण ओलांडून थेट समुद्रात शिरलेला एक सरडा जगात आहे. गॅलापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना. ही बेटंही ज्वालामुखीचीच, इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर. त्याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून वाहून आलेल्या झाडापानांच्या तराफ्यांवर बसून आले असावेत असं मानतात. काळ्या लाव्ह्यावर खायला फार काही नव्हतं, तेव्हा ते पाण्यात उतरले आणि शेवाळ खरवडून खाऊ लागले. पोटात गेलेलं मीठ ते नाकातून फवाऱ्यासारखं बाहेर टाकतात. एल निन्योच्या वर्षी शेवाळ मरतं, तेव्हा त्यांची लांबीसुद्धा घटते, हाडं आखडतात, आणि चांगले दिवस आले की पुन्हा वाढते. दुष्काळात अंगच आवरून घेणारा प्राणी. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

१८३५ साली चार्ल्स डार्विन तिथे पाच आठवडे होता. त्याने एका इग्वानाला उचलून ओहोटीने मागे राहिलेल्या खोल पाण्यात भिरकावलं. इग्वाना उत्तम पोहणारा, पाहिजे तिकडे जाऊ शकला असता. तो सरळ डार्विन उभा होता तिथेच परत आला. डार्विनने पुन्हा फेकलं, तो पुन्हा आला. असं अनेकदा. वरवर मूर्खपणाच. पण डार्विनने त्याचं एक कारण सुचवलं: या प्राण्याला जमिनीवर कुणी शत्रू नाही, पाण्यात मात्र शार्क आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्याला एवढंच पक्कं ठाऊक झालं आहे की किनारा म्हणजे सुरक्षित. म्हणून कितीही भीती वाटली तरी तो किनाऱ्यालाच येतो, भीती वाटायला लावणारा माणूस तिथेच उभा असला तरी.

इथे मला श्वास घ्यावा लागतो. त्या सरड्याची समजूत खरी होती, लाखो वर्षं खरी होती. एक बोट आली त्या दिवसापर्यंत.

२००१ च्या जानेवारीत ‘जेसिका’ नावाचं तेलवाहू जहाज गॅलापागोसच्या सान क्रिस्तोबाल बेटाशी अडकून फुटलं. त्यातलं काही इंधन पर्यटकांना फिरवणाऱ्या जहाजासाठी होतं. तेल फार नव्हतं, प्रवाहाने बरंचसं वाहूनही गेलं. तरी सांता फे बेटावरचे ६२ टक्के समुद्री इग्वाना पुढच्या वर्षभरात मेले. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतक्या तवंगाने. ते बघायला येणाऱ्यांसाठी जे आणलं होतं, त्याने. आज तिथे बहुतेक ठिकाणी वाटाड्याशिवाय फिरता येत नाही, प्राण्यांपासून २ मीटर लांब राहावं लागतं, आणि २०२४ पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांना २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. नियम चांगले आहेत. त्या शुल्कातून राखणही होते. पण २ मीटरचं अंतर आपण पाळतो, तेल पाळत नाही.

आणि मी हे सगळं उरल्यात बसून लिहिते आहे. समुद्र इथून दूर, पण रायपूर ज्या चुनखडीवर वसलं आहे ती सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी एका उथळ समुद्रात साचलेली. भट्टीतून वितळलेलं लोखंड ओततात तेव्हा रात्री घराच्या भिंतीवर तांबूस उजेड हलतो. जवळच्या भिलाईच्या पोलादाच्या प्लेटा ‘विक्रांत’ युद्धनौकेच्या बांधणीत गेल्या, म्हणजे इथलं लोखंड समुद्रावर फिरतं आहे. वाळत घातलेल्या कपड्यांवर सकाळी काळी भुकटी असते, तुळशीच्या पानांवरही. खारून नदीत पूर्वी आम्ही पोहायला जायचो, आता मुलांना कुणी पाठवत नाही. तरी बाबांना कुणी विचारलं, निवृत्तीनंतर नागपूरला का गेला नाहीत, तर ते म्हणायचे, इथे आपलं सगळं आहे. त्यांच्या लेखी हा किनारा होता. बाहेर शार्क होते. किनाऱ्यावर काय उभं राहिलं आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं. तरी ते इथेच परत यायचे.

म्हणून मला त्या इग्वानाला मूर्ख म्हणवत नाही, आणि शहाणाही म्हणवत नाही.

भाचा मला बोटीने जे बॅरन बेट दाखवायला न्यायचं म्हणतो आहे, ते नारकोंडमच्या दक्षिणेला आहे. तो ज्वालामुखी जागा आहे. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत, १९ व्या शतकात तो शांत झाला, १९९१ मध्ये पुन्हा पेटला. १९९३ साली गेलेल्या पथकाला तिथे पूर्वीच्या १६ पक्षिजातींपैकी ६ च दिसल्या. बेटावर बकऱ्या आहेत, कधीकाळी माणसांनी सोडलेल्या, तरी जगलेल्या. पर्यटकांना उतरू देत नाहीत, बोटीतून बघायचं. भाचा म्हणतो, "मावशी, बोटीतूनच तर बघायचं आहे. कुणाला काय होतं त्यात?" त्याचं म्हणणं खोटं नाही. बोट पाण्यात थांबेल, आम्ही काठापासून दूर असू, धूर दिसेल, कदाचित एखादं कबूतर. कुणाला काय होतं, याचं उत्तर मला ठामपणे देता येत नाही, आणि काहीच होत नाही असंही म्हणवत नाही.

नारकोंडमवर तटरक्षक दलाचं रडार उभारायचा प्रस्ताव २०१२ साली पर्यावरण मंत्रालयाने फेटाळला होता, धनेशामुळे. २०१४ साली त्याला मंजुरी मिळाली. दोन्ही निर्णय घेणाऱ्या माणसांनी तो पक्षी डोळ्यांनी पाहिला होता का, हा प्रश्न मनात येतो, आणि मग वाटतं, पाहिला असता तर काय वेगळं झालं असतं? मीही पाहिलेला नाही, तरी त्याच्यासाठी जीव तुटतो. आणि जीव तुटतो तोसुद्धा हुसेन बोटीत बसले, नानिवडेकर तिथे जाऊन राहिले, ह्यूमने वर्णन लिहिलं म्हणून. कुणीच गेलं नसतं, तर मला काळजी करायला पक्षीच मिळाला नसता. तेव्हा कुणीतरी जायलाच हवं. पण त्या कुणीतरीमध्ये मी बसते का? मी मोजदाद करणार नाही, त्याच्या बाजूने कुठे साक्ष देणार नाही. मी बघून येणार. नुसतं बघून येणं हे एवढ्या दूर बोट नेण्याचं पुरेसं कारण आहे का?

पुरीच्या समुद्रात आईही नुसतं बघायलाच गेली होती, आणि तिला ते आयुष्यभर पुरलं. बाबांना न जाताही पुरलं. मी आईची आहे असं मला नेहमी वाटत आलं. लिहायला बसले तेव्हाही वाटत होतं. आता तेवढं खात्रीने वाटत नाही, आणि मी बाबांची आहे असंही वाटत नाही. भाच्याला होय म्हणायचं की नाही, हे त्यामुळे अजून ठरलेलं नाही.