पुलाखालचे खांब

बेसा, नागपूर

प्रिय मनू,

येऊन आठ दिवस झाले. शेजारणी लंडनचं विचारतात आणि मी त्यांना सेझिनकोटचं सांगत बसते.

ग्लॉस्टरशायरमधली ही जुनी हवेली बघू म्हणालीस, तेव्हा मला फार उत्साह नव्हता. उतारावरचं गवत, चरणाऱ्या मेंढ्या आणि ऐसपैस वाढू दिलेली एकेकटी झाडं बघून मात्र डोळे निवले. आपल्या गॅलरीतून एक लेआउट संपला की दुसरा दिसतो. इतकी मोकळी जमीन एका घरासाठी दोनशे वर्षं राखली, याचं मला अजून नवल वाटतं. मग झाडांआडून तो तांब्याचा हिरवा पडलेला घुमट वर आला. छज्जे, छत्र्या, कमानी! आत गेलो तर सगळा थाट ग्रीक वळणाचा. बाहेरून हिंदुस्थान, आतून युरोप.

कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये गडगंज झालेल्या चार्ल्स कॉकरेलने 1805 च्या सुमारास हे घर उठवलं. नकाशा त्याच्या भावाचा, सॅम्युअल पेपिस कॉकरेलचा. 1807 मध्ये तिथला युवराज ते बघून गेला आणि त्यातूनच ब्रायटनच्या राजवाड्याला ते हिंदुस्थानी रूप आलं. पैसा कुठून गेला हे तू तिथे हळू आवाजात बोललीस. हळू कशाला, मनू? मोठ्याने बोलायचं.

पण माझा जीव अडकला तो पुलापाशी. वर नंदी बसलेले. त्यांना बघून माझे हात आपसूक जोडले गेले. खाली ओढ्यात पाय ठेवायला दगड आणि पुलाला पेलणारे ते जाडजूड खांब. घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले आहेत, असं तू वाचून दाखवलंस आणि मला गलबलून आलं. अगं, घारापुरी मी अजून पाहिलेली नाही! विदर्भात जन्म गेला, मुंबईला लग्नकार्यापुरती गेले. घारापुरीच्या खांबांची पहिली ओळख मला साता समुद्रापार व्हावी?

परत आल्यावर पुस्तकं काढून बसले. पूल ज्याच्या कल्पनेतला, तो चित्रकार टॉमस डॅनियल 1793 मध्ये मुंबईला आला होता. तिथे त्याची जेम्स वेल्सशी गाठ पडली. वेल्स पुण्यात पेशव्यांच्या दरबारात चित्रं काढायचा, आणि त्याच्या हाताशी होता आपला गंगाराम चिंतामण तांबट. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या सांगण्यावरून शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे शिकलेला. त्याने वेरूळची लेणी चितारली. एका चित्रात तर त्याने स्वतःलाच काढलंय. वेल्स 1795 मध्ये वारला. 1803 मध्ये लंडनला वेरूळच्या चित्रांचं मोठं पुस्तक निघालं ते वेल्स आणि डॅनियल यांच्या नावावर. गंगारामाची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

सेझिनकोटचे खांब गंगारामाने काढले, असं मी म्हणत नाही. पण आपल्या लेण्यांकडे इंग्रजांची नजर वळली त्या दिवसांत कागद मांडीवर घेऊन तिथे बसलेला एक मराठी माणूस होता, हे मला फार मोलाचं वाटतं. तिकडच्या तुझ्या मैत्रिणींना घेऊन पुन्हा गेलीस, तर पुलाखाली उभी राहून त्याचं नाव सांग. मुलांनाही सांग.

आणि डिसेंबरात ये. बाबा म्हणतात, समृद्धी महामार्गाने गाडी काढू, आधी वेरूळ, मग मुंबईहून बोटीने घारापुरी. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि घारापुरी सोमवारी, तेवढं बघून तिकिटं काढ.

तुझी,
आई