किती फूट?

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार, रेडिंग

सकाळपासून एमसीपीच्या, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायच्या प्रोटोकॉलच्या, पायथन एसडीकेशी झटापट. अँथ्रोपिकनं हे सगळं खुलं केलं गेल्या नोव्हेंबरात. मी वर्षभर नुसतं ऐकत होते. थेम्सची पातळी सांगणारं टूल करायचंय. आकडे एन्व्हायर्नमेंट एजन्सी फुकट देते, दर १५ मिनिटांची नोंद, किल्ली-बिल्ली काही लागत नाही. फंक्शन लिहायचं, डोक्यावर डेकोरेटर ठेवायचा, झालं टूल. अर्ध्या तासाचं काम म्हणून बसले. सर्व्हर उठतो, क्लायंट जोडायला गेला की बोंब. रात्रीचे अकरा वाजले.

९ नोव्हेंबर, रविवार

सापडलं. माझंच प्रिंट! तपासायला म्हणून 'आलं आलं' छापणारी ओळ घातली होती, ती तशीच राहिली. सर्व्हरचे जेसन-आरपीसी निरोप क्लायंटकडे स्टँडर्ड आउटपुटवरूनच जातात. क्लायंट माझं 'आलं आलं'सुद्धा निरोप समजून वाचायला गेला. ओळ स्टँडर्ड एररकडे वळवली. लगेच ओळखपाळख झाली, क्लायंटनं टूल्सची यादी मागितली, यादीत माझं एकुलतं एक.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा सांगलीहून फोन. कौतुकानं टूलचं सांगितलं. "पाणी किती फूट?"

सांगलीकराला नदी फुटातच कळते. आयर्विन पुलापाशी ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर गेलं, तेव्हा बाबा रात्रभर आकडेच विचारत होते.

मॉडेलला विचारलं. "१.३ फूट." बाबा गप्प. मलाही पटेना.

फंक्शन नुसता १.३ परत देत होतं, एककाशिवाय. मी फुटात विचारलं, मॉडेलनं फूट चिकटवून दिलं. त्याला तरी काय कळणार? फंक्शनखालची डॉकस्ट्रिंग हेच टूलचं वर्णन म्हणून त्याच्यापुढे जातं, आणि माझ्या डॉकस्ट्रिंगमध्ये एकच शब्द: 'पातळी'. ऑफिसात टिपा लिहीत नाही म्हणून बोलणी खाते ती मी हीच.

आता लिहिलंय: मीटरमध्ये, काही केंद्रांवर तिथल्या शून्यापासून, काहींवर समुद्रसपाटीपासून, नोंदीची वेळ सोबत. वर्णन फंक्शनपेक्षा लांब झालं.

पुन्हा फोन केला. "बाबा, १.३ मीटर. सव्वाचार फूट."

"एवढंच? एवढ्यात आमच्या म्हशी डुंबतात."