मामा, आधी तुमची बाजू मी मांडते

नारायणगाव, ता. जुन्नर

ती. मामांस,


जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हापासून आपण पाऊस, टोमॅटोचा बाजार आणि बिबट्या यांवरच बोलतो. राजकारण निघालं की मामी चहा ठेवायला उठतात. भांडण टळतं, पण तुमच्या मनातलं मला दुसऱ्यांकडून कळतं. ते सहन होत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी तुमचं म्हणणं. डिंभे धरणासाठी आंबेगावच्या आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आता डिंभ्यातून माणिकडोह धरणात पाणी नेणारा बोगदा खालच्या पातळीवर झाला, तर धरण लवकर रिकामं होईल आणि घोड नदीकाठी उन्हाळ्यात टँकर येतील. ते अडवायला आपला माणूस सत्तेत हवा, म्हणून आंबेगावचे आमदार वळसे पाटील अजितदादा पवारांबरोबर सत्तेत गेले ते योग्यच. यात काही सुटलं असेल तर सांगा. ही भीती खरी आहे, हे मला मान्य आहे.

आता माझं ऐका. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं एकत्र धरूनच पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. कालव्याच्या टेलचा शेतकरीही आपल्यासारखाच पिकाकडे बघत रात्र काढतो. आणि पाण्याचा हक्क सत्तेत बसूनच मिळणार असेल, तर ज्या तालुक्याचा आमदार विरोधात आहे त्याने काय करायचं? २०१९ला ज्या भाजपच्या विरोधात मतं मागितली, त्याच्याबरोबर जाताना वळसे पाटलांनी मतदाराला विचारायला हवं होतं.

मामा, २०२४च्या विधानसभेला आंबेगावचा निकाल अवघ्या दीड हजार मतांच्या आसपास लागला. म्हणजे पारावर शेजारी बसणाऱ्या दोघांतला एक दुसऱ्या बाजूचा. एवढ्या लोकांना गद्दार किंवा विकले गेलेले ठरवून गाव चालेल का? वळसे पाटील आणि शिरूरचे माजी खासदार आढळराव वर्षानुवर्षं एकमेकांचे विरोधक होते. २०२४च्या लोकसभेला ते एका बाजूला आले. नेत्यांचं जमतं. त्यांच्यापायी भावकीत धरलेला अबोला मात्र आपला आपल्यालाच सोडवावा लागतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी गटाचं नाव बाजूला ठेवून प्रश्न घेऊ. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडता आलं, तरच ते खोडायचं. मोबाइलवर आलेला मजकूर पुरावा म्हणून काढायचा नाही. मतं बदलली नाहीत तरी चालेल. उद्या कालवा सल्लागार समितीत पाण्याचं आवर्तन ठरताना जुन्नर आणि आंबेगाव एकमेकांसमोर बसणारच आहेत. घरात ज्यांना बोलता येत नाही, ते तिथे काय बोलणार?

यात्रेला याल तेव्हा माझी बाजू तुम्ही मांडा. मी मधे बोलणार नाही. मत कुणालाही द्या मामा, पण माझ्याशी बोलणं बंद ठेवू नका.

तुमची भाची